चालू आहे का बंद?

गेले चार दिवस सकाळी साडेसहाला खाली पार्किंगमध्ये कुणाची तरी मोटारसायकल सुरू होत नाहीये. मी पांघरुणात पडल्या पडल्या ऐकते. आधी बटण दाबल्याची घरघर, मग थोडा दम, मग पुन्हा घरघर, आणि शेवटी गाडीवाल्याचा सुस्कारा. हा सुस्कारा चौथ्या मजल्यापर्यंत पोचत नाही, तो मी पदरचा घालते. मला खिडकी उघडून ओरडावंसं वाटतं, की अरे बाबा, बॅटरीचा जीव घेऊ नकोस, दोन मिनिटं थांब, नुसता गाडीकडे बघत बस. पण आमच्या सोसायटीत असं काही ओरडलं तर संध्याकाळपर्यंत फलकावर सूचना लागेल. म्हणून मी कूस बदलते. खिडकीच्या फटीतून थंडी आत येते आणि तिच्याबरोबर पेट्रोलचा वास येतो. एवढ्या उंचीवर पेट्रोलचा वास यायचं काही कारण नाही, पण येतो खरा.

लोकांना थंडी म्हटलं की हुरडा आठवतो, मटारच्या करंज्या आठवतात. मला बोटांना चिकटलेलं पेट्रोल आठवतं, साबणानं दोनदा धुऊनही न जाणारं. रविवारी दुपारी वरणभात कालवताना आई नाक मुरडायची. हा वास एकाच हिवाळ्याचा आहे. शतक संपायला आलं होतं, मी चोवीस वर्षांची होते, आणि त्या हिवाळ्यात आमच्या गजाननचे कान हळूहळू जात होते. आम्ही तिघं दर रविवारी त्याच्याबरोबर मोटारसायकलवरून हिंडत होतो आणि आम्हाला ते कळलं नाही. निदान मी तरी बरीच वर्षं असंच सांगत आले आहे. त्यातलं शेवटचं वाक्य पूर्ण खरं नाही, म्हणून आज हे लिहायला बसले.

माझी नोकरी तेव्हा तारखा दुरुस्त करण्याची होती. जुन्या संगणकांत वर्ष दोन आकड्यांत लिहिलेलं असायचं, नवं शतक लागलं की त्यांचा गोंधळ उडणार होता, म्हणून ते चार आकड्यांत करायचं. आम्ही चाळीस जण कर्वे रस्त्यावरच्या एका इमारतीत, एसीत कुडकुडत, स्वेटर घालून परदेशातल्या लोकांची वर्षं नीट करत बसायचो. "आमची माधवी आकडे पुसते आणि आकडे लिहिते," वडील नारायण पेठेतल्या शेजाऱ्यांना सांगत, "पुसायचे का, ते विचारू नका, तिलाही सांगितलेलं नाही." मोटारसायकल घेते म्हटल्यावर ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "घे. फक्त मला मागे बस म्हणू नकोस. मी अजून पायांनी चालतो."

गाडी काळी होती, शंभर सीसीची, नव्या तऱ्हेची. तोवर रस्त्यावर ज्या गाड्या होत्या त्या फटफटत आणि धूर सोडत जायच्या. येणाऱ्या माणसाआधी त्याची गाडी यायची. गल्लीच्या तोंडाशी आवाज आला की घरात चहा टाकत. माझ्या गाडीला मात्र आवाज असा नव्हताच, एक बारीक गुणगुण होती. सिग्नलला उभी असले की ती चालू आहे का बंद पडली हे कधीकधी मलाच समजायचं नाही, मग उगाच थोडा अॅक्सिलरेटर देऊन खात्री करून घ्यायची. मला त्या शांततेचा मोठा अभिमान होता. नवं काहीतरी शहरात येत होतं, आणि ते आवाज न करता येत होतं, असं तेव्हा वाटायचं.

आमच्या टोळीत सुहास होता, माझा कॉलेजातला मित्र, पेठेतल्या एका शाळेत गणित शिकवणारा. त्याची गाडी जुनी, निळा धूर ओकणारी. तिच्यामागे जो राहील त्याला घरी जाऊन आंघोळ करावी लागे. नितीन माझ्या ऑफिसातला, शेजारच्या टेबलावरचा. तो अमेरिकेचा व्हिसा येईल म्हणून स्वतःची गाडी घेत नव्हता. हिवाळाभर सुहासच्या मागे बसून, मांडीवर केळ्यांची पिशवी धरून, तो व्हिसाची वाट बघत होता. आणि गजानन.

गजानन मला भेटला तो पौड रस्त्यावर. गाडी घेऊन आठवडा झाला होता, ती रस्त्यात बंद पडली, मी किक मारून मारून रडकुंडीला आले होते. मागून एक अवजड, काळी, जुनी मोटारसायकल आली आणि तिच्यावरून तिशीचा, कानटोपी घातलेला माणूस उतरला. आता हा "सरका जरा मॅडम" म्हणणार आणि माझ्या हातातून गाडी घेणार, अशी माझी खात्री होती. तोपर्यंत तीन जणांनी तसं केलं होतं. हा मात्र हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"पेट्रोल हाय?"

"आहे. कालच भरलंय."

"कॉक उघडला?"

मी खाली बघितलं. टाकीखालची पेट्रोलची ती छोटी चावी बंद होती. सकाळी मीच ती बंद केली होती, कारण गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात तसं लिहिलं होतं. मी ती उघडली, दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. तो हसला नाही. "होते असं," एवढंच म्हणाला आणि निघायला लागला. मीच त्याला हाक मारून विचारलं की रविवारी सकाळी आम्ही मंडईजवळ जमतो, येणार का. तो आला. मूर्तिजापूरकडचा होता, भोसरीला एका लहान वर्कशॉपात फिटर होता, खडकी स्टेशनजवळ खोली घेऊन राहायचा. पुण्यात सात वर्षं काढूनही त्याचं "हाय" पुण्याचं झालं नव्हतं. सुहासनं पहिल्याच दिवशी त्याला "फिटरसाहेब" करून टाकलं.

आमचा नियम त्यानंच घालून दिला. त्याच्या उस्तादानं त्याला तसं शिकवलं होतं. ज्याची गाडी बंद पडेल त्यानंच ती सुरू करायची. बाकीच्यांनी भोवती उभं राहून फक्त प्रश्न विचारायचे, हात लावायचा नाही. चोक ओढला का? प्लग काढ. ओला हाय का कोरडा? ठिणगी निळी पडते का पिवळी? उत्तरं देता देता माणसाला आपलं आपणच कळायचं. रस्त्याच्या कडेला, दवानं भिजलेल्या गवतावर वर्तमानपत्र पसरून मी प्लग साफ करतेय आणि तीन पुरुष हात मागे बांधून माझी तोंडी परीक्षा घेताहेत, हे दृश्य बघून जाणारी येणारी माणसं थांबायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तर त्यांना विचारलंच, "आरं, लाज न्हाय वाटत का, पोरीला कामाला लावून उभं ऱ्हाता ते?" त्यावर सुहास म्हणाला, "बाबा, आम्ही लावू हात, पण ती चावेल." मला अजून वाटतं की त्या हिवाळ्यात मी पाना हातात धरायला शिकले तशी नोकरीतही काही शिकले नाही.

सकाळी सहाला मंडई पूर्ण जागी असायची. पालेभाजीच्या गाड्या रिकाम्या होत असत, मेथीच्या जुड्यांवरून वाफ निघते आहे असं धुक्यात वाटायचं. आम्ही उभ्या उभ्या चहा प्यायचो आणि जाकिटाच्या आत, छातीशी, शिळं वर्तमानपत्र घालायचो. थंडीला तो रामबाण उपाय. सुहासचा आग्रह असा की अग्रलेखाचं पान आतल्या बाजूला पाहिजे, ते वाचून रक्त तापतं. मग चौघं निघायचो. सिंहगड रस्ता तेव्हा रात्रीच्या झोपेतून उठलेला नसे. खडकवासल्याला धरणाच्या पाण्यावर धुकं तरंगत असे, आणि पलीकडून लष्करी प्रबोधिनीतल्या पोरांच्या कवायतीचा आवाज तुटक तुटक यायचा. हाताची बोटं इतकी गोठायची की क्लच दाबला आहे का नाही हे बघून ठरवावं लागे. कधी बापदेव घाटातून सासवडकडे जायचो, कडेच्या शेतात हरभरा असायचा, शेतकऱ्याला विचारून ढाळा उपटायचा आणि सोलाणे खात बांधावर बसायचं. ऊन हळूहळू पाठीवर चढायचं. इंजिनं निवताना टिक् टिक् करायची, अगदी सावकाश, आणि मी ते ऐकत डोळे मिटून पडायचे. त्या टिक् टिक्‌ची मला अजून आठवण येते, पण ती त्या बांधावर आम्हा तिघांनाच ऐकू येत होती.

आता त्या विनोदाबद्दल सांगते.

माझी गाडी सुरू झाली की गजानन तिच्याजवळ येऊन विचारायचा, "चालू हाय का बंद?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा आम्ही तिघंही खदाखदा हसलो. नव्या शांत गाड्यांची अशी टर कुणी उडवली नव्हती. सुहास म्हणाला, "वा फिटरसाहेब, सात वर्षांत पुणं लागलं तुम्हाला." पुण्यात माणूस काही सरळ विचारेल असं आम्हाला वाटतच नाही. साधा पत्ता विचारला तरी त्यात काही टोमणा आहे का ते आम्ही आधी तपासतो. गजाननचा प्रश्न इतका सरळ होता, की तो टोमणाच असणार हे आम्ही तिघांनी गृहीत धरलं. मग तो दर रविवारचा विनोद झाला. माझी गाडी सुरू झाली की नितीनच विचारायचा, "काय गजाननराव, चालू आहे का बंद?" आणि गजानन बारीक हसायचा. मी खोटं खोटं रागवायचे. ऑफिसात कुणी गप्प बसलेलं असलं तरी आम्ही एकमेकांना तेच विचारायचो.

मागाहून एकेक गोष्ट आठवत गेली. रस्त्यात थांबायचं असलं तर दोनदा हॉर्न वाजवायचा अशी आमची आधीची खूण होती. दिवाळीनंतर गजानन म्हणाला, "हॉर्न कायले? कान किटतात. डावा हात वर करा." आम्हाला ते फार झोकदार वाटलं. आधी तो आमच्या मध्ये कुठेतरी चालवायचा, मग शेवटी राहू लागला. "कोणाची बंद पडली तं मागं मिस्त्री पाहिजे ना," तो म्हणायचा, आणि ते पटण्यासारखं होतं. पुढच्यांना डोळ्यांनी सांभाळता येतं, मागच्यांना कानांनी सांभाळावं लागतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. आणि त्याचे प्रश्न. पहिल्या एकदोन रविवारी तो विचारायचा, "किक मारली तं आवाज कसा आला? फुस्स का खट्?" पुढे पुढे त्यानं आवाजाबद्दल विचारणं सोडलं. ओला का कोरडा, निळी का पिवळी, गरम का गार. सगळे प्रश्न डोळ्यांचे आणि हातांचे.

जानेवारीतल्या एका रविवारी, सासवडच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी, माझी गाडी गारठून बसली. नियमाप्रमाणे प्रश्नोत्तरं झाली. प्लग काढला, त्यावर काजळी होती, ती पॉलिश पेपरनं घासली. घासलेला प्लग बरोबर झालाय का ते बघायला गजाननकडे दिला. त्यानं तो उन्हात धरून, एक डोळा मिटून बघितला, परत दिला, आणि आमच्याकडे पाठ करून चहाचा ग्लास उचलला. मी प्लग बसवला, त्यावर वायरची टोपी लावली, किक मारली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

गजानन पाठमोराच होता. "मार ना वं किक," तो म्हणाला, "काहून थांबली?"

सुहासनं टपरीच्या बाकावर थाप मारली. "ऐका! आता तर बघायचीही गरज नाही यांना." नितीनला हसू आवरेना, त्याचा चहा सांडला. मीही हसले. गजानन वळला, आम्हाला हसताना बघून हसला, आणि जवळ येऊन त्यानं तळवा माझ्या गाडीच्या टाकीवर ठेवला. क्षणभरच. मग पटकन काढून घेतला आणि पँटला पुसला. त्या क्षणात त्याच्या तोंडावरचं हसू तसंच होतं, फक्त डोळे त्या हसण्यात नव्हते. मी ते बघितलं. त्यानं मला बघताना बघितलं का, ते मला माहीत नाही.

मला कळलं. लगेच कळलं, सगळं एकदम कळलं, हॉर्न आणि शेवटची गाडी आणि हिवाळाभराचा आमचा विनोद. आणि मी काही बोलले नाही.

का, याचं उत्तर मी इतक्या वर्षांत पुष्कळ वेळा स्वतःला दिलं आहे आणि दर वेळी ते थोडं बदलतं. त्याला वाईट वाटेल म्हणून, असं आधी म्हणायचे. त्याचं त्यानं सांगावं, आपण कोण, असंही म्हणून झालं. खरी गोष्ट एवढीच की मला ते रविवार हवे होते. मी सांगितलं असतं तर गजाननला मागे एकटं कुणी चालवू दिलं नसतं, काळजी सुरू झाली असती, घरचे, डॉक्टर, चर्चा. बांधावरचं ते ऊन संपलं असतं. सोमवारी मी ऑफिसात जाऊन लोकांची वर्षं दुरुस्त करायला बसले आणि स्वतःच्या मनात म्हणाले, बघू पुढच्या रविवारी. पुढच्या रविवारीही तो सगळ्यात मागे होता, आणि मी आरशात त्याला बघत गाडी चालवली. एवढं केलं म्हणजे जणू माझं काम झालं.

हल्ली आमच्या सोसायटीत विजेवरच्या स्कूटर आल्यात. त्या खरोखरच बिनआवाजाच्या. मागून येतात आणि कोपराला हवा लागते तेव्हा कळतात. परवा मी एका बाईंवर ओरडले, "अहो, हॉर्न तरी द्या!" त्या म्हणाल्या, "काकू, दिला होता की." मी त्यांची माफी मागितली आणि जिना चढताना मला धाप लागली तेवढी चार मजल्यांनी लागत नाही. गजानन आता मूर्तिजापूरला असतो, शेतीचे पंप दुरुस्त करतो, पंपावर हात ठेवून दोष सांगतो म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव आहे. मोबाइलवर लिहून बोलता येऊ लागलं तेव्हा आमच्यात सगळ्यात जास्त आनंद त्यालाच झाला. सकाळी सात वाजता संदेश येतो: "इकडे लई थंडी. तिकडे?" मी लिहिते, "इकडेही." आमची मैत्री आता एवढ्या शब्दांत मावते, आणि कमी पडत नाही.

तर सासवडनंतरचा दुसरा रविवार. पानशेतहून परत येत होतो, नऊ वाजले असतील. धरणाच्या कडेकडेनं जाणारा तो रस्ता तेव्हा फार अरुंद होता, एका बाजूला उतार आणि खाली पाणी. सुहास आणि नितीन बरेच पुढे, मी मध्ये, गजानन मागे. मागून दुधाचा एक टेम्पो आला. त्याला शहरात पोचायची घाई असणार. त्यानं लांबूनच हॉर्न द्यायला सुरुवात केली. मी कडेला घेतलं. आरशात बघितलं तर गजानन रस्त्याच्या मधोमध, एका संथ लयीत, पाण्याकडे बघत येत होता. हॉर्न आता थांबतच नव्हता. मी डावा हात वर केला, तो त्याला दिसला नाही. मी ओरडले. कुणासाठी ओरडले कोण जाणे.

टेम्पोवाल्यानं शेवटच्या क्षणी उजवीकडे घातलं. दोघांत वीतभर अंतर राहिलं असेल. त्या वाऱ्यानंच गजानन दचकला, त्याची गाडी डावीकडे गेली, मातीत घसरली आणि करवंदीच्या जाळीत आडवी झाली. टेम्पो न थांबता माझ्या शेजारून निघून गेला. पुढच्या वळणापलीकडे गेलेल्या सुहास-नितीनला काही कळलंच नाही. मी गाडी वळवली.

तो उठून बसला होता. गुडघा फाटला होता, बाकी धड होता. आम्ही दोघांनी मिळून ती अवजड गाडी उभी केली. लष्कराच्या लिलावातली गाडी ती, काळा रंग खरवडला की आतून हिरवा दिसायचा. आता तर हातभर हिरवा दिसत होता. आडवी पडल्यानं पेट्रोल सांडून इंजिनात भरलं होतं. त्यानं चार किक मारल्या, काही होईना. मी काही विचारायच्या आधी तोच स्वतःशी पुटपुटत होता, "कॉक बंद. प्लग काढ." पाना घेतला, प्लग काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला. पण परत बसवता येईना. प्लग आट्यांत धरला जात नव्हता. एकदा पडला, मातीतून उचलून पुन्हा पुसला. मी हात पाठीमागे घट्ट बांधून उभी होते.

मग त्यानं प्लग माझ्यापुढे धरला. "तू लाव," तो म्हणाला.

हिवाळाभरात आमच्यापैकी कुणी कुणाच्या गाडीला हात लावला नव्हता. मी प्लग बसवला, आवळला, त्याच्या गाडीची ती दणकट किक अंगाचं सगळं वजन टाकून मारली. चौथ्या की पाचव्या वेळी गाडी धडधडायला लागली. एवढा मोठा आवाज, पलीकडच्या झाडावरचे बगळे उडाले. गजाननने टाकीवर हात ठेवला आणि या वेळी काढून घेतला नाही.

"आवाज बरोबर येऊन राहिला का?" त्यानं विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हणाले. त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणून मी मानही हलवली.

"मोठा आवाज येतो अजून थोडा थोडा. बारीक येत नाही." तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला. "आमच्या घरातच हाय हे. बापाले चाळिशीत झालं, मले तिशीत. डॉक्टर म्हणते मशीन लाव, तेही किती दिवस पुरंल माहीत नाही."

"सांगितलं का नाहीस आम्हाला?" मी मोठ्यानं विचारलं. हा प्रश्न विचारायचा मला काय अधिकार होता!

"तुम्ही हासत होते ना," तो म्हणाला. "मी विचारलं चालू हाय का बंद, की तुम्ही हासत. पहिल्यांदा मले वाईट वाटलं. मग बरं वाटायले लागलं. म्हणलं, हासतात म्हणजे अजून कोणाले समजलं नाही." मग त्यानं विचारलं, "तुले कवा समजलं?"

"आत्ता," मी म्हणाले.

त्यानं मान डोलावली. तेवढ्यात सुहास आणि नितीन परत आले. गजाननने उठून त्यांना स्वतःच सांगितलं, अगदी हवापाण्याबद्दल सांगावं तसं. "मले ऐकू येत नाही आताशा." सुहासनं खिशातला रुमाल काढला आणि खाली बसून गजाननचा गुडघा बांधला. नितीन खाली बघत केळ्यांची पिशवी या हातातून त्या हातात करत राहिला. मग सुहास गजाननच्या गाडीवर बसला, नितीननं सुहासची गाडी घेतली, आणि गजानन माझ्या मागे येऊन बसला. रस्ता खराब होता. "खांद्यावर हात ठेवतो," तो म्हणाला, आणि ठेवला.

मग मी बोलायला लागले. आधी रस्त्याबद्दलच काहीतरी, सवयीनं. बरंच बोलल्यावर लक्षात आलं की मागच्या माणसाला यातलं काही ऐकू येत नाहीये. आणि ते लक्षात आल्यावर मी थांबले नाही, उलट सुटलेच. सासवडच्या टपरीबद्दल बोलले. टाकीवरचा त्याचा तळवा मी बघितला होता, हे बोलले. मला माहीत होतं आणि मी दोन आठवडे गप्प बसले, आज टेम्पो वीतभर चुकला नसता तर मी काय केलं असतं, मला माफ कर. खडकवासला गेलं, शहर लागलं, रविवारची गर्दी लागली, सिग्नलला शेजारचे लोक माझ्याकडे बघायला लागले, मी बोलतच होते. एखाद्या रिकाम्या देवळात बोलावं तसं मला मोकळं वाटत होतं. इतकं मोकळं वाटावं हेच मुळात चुकीचं होतं, पण ते मला तेव्हा समजत नव्हतं.

खडकी स्टेशनजवळच्या त्याच्या गल्लीपाशी मी थांबले. तो लंगडत उतरला. सुहास आणि नितीन अजून मागे होते.

"काय बोलत होती वं एवढं?" त्यानं विचारलं. "खडकवासल्यापासून खांदा हालून राहिला तुझा. रडत होती का?"

गाणं म्हणत होते, असं सांगता आलं असतं. त्यानं विश्वास ठेवला असता, पुढे कधी विषयही निघाला नसता. मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि तिथे त्याला काहीच दिसत नव्हतं. आमच्या शहरातल्या सगळ्या मुलींसारखा मी नाकातोंडावरून स्कार्फ गुंडाळला होता. गाडी बंद केली. खाली उतरले. मानेमागची गाठ गारठलेल्या बोटांनी सुटायला वेळ लागला. मग त्याच्यासमोर, उजेडाकडे तोंड करून उभी राहिले आणि म्हणाले, "मला आज नाही कळलं. मला सासवडलाच कळलं होतं. मी सांगितलं नाही."

गजाननने कपाळाला आठ्या घातल्या. माझ्या ओठांवरून त्याची नजर हलली नाही.

"हळू," तो म्हणाला. "पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं.